कुपनाची साखर

रविवारचा पेपर आमच्या घरात आधी मी वाचते, आणि वाचते म्हणजे कापते. आमच्या ह्यांच्या हातात तो पडतो तेव्हा त्याला तीन-चार खिडक्या पडलेल्या असतात. एकदा कुठल्याशा मोठ्या मैदानातल्या कुस्तीची बातमी होती, आणि शेवटच्या जोडीत कुणी कुणाला चितपट केलं ते नेमकं साखरेच्या कुपनाच्या पाठीमागं आलं होतं. हे अर्धा तास पेपर उलटासुलटा करत बसले. शेवटी म्हणाले, "अगं, पडला कोण?" मी म्हटलं, तुम्हाला जो पडायला हवा तो पडला असं समजा, मला पाच किलो साखर स्वस्तात मिळाली.

मी कंजूष नाही. तसं कुणी म्हटलं तर मी त्याला दारात उभं करणार नाही. पण जी वस्तू दहा रुपये कमी देऊन मिळते तिला दहा रुपये जास्त का द्यायचे, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. मुलानं पुण्याहून येऊन माझ्या मोबाइलवर कुपनांचं ॲप टाकून दिलं होतं. त्यात एक कुपन मी उघडायला गेले आणि मुलालाच फोन लागला, तोही तो ऑफिसात मीटिंगमध्ये असताना. तेव्हापासून मी कागदावरच विश्वास ठेवते. कागद कापता येतो आणि पर्समध्ये घालून चेन लावता येते.

हे वेड लागलं आमच्या रस्त्याला मोठा मार्ट झाल्यापासून. त्याआधी तीस वर्षं आमचा किराणा एकाच दुकानातून यायचा, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या अण्णांच्या. अण्णा हातकणंगल्याकडचे जैन, शेती तिकडं भावाकडं आणि हे इथं दुकानात. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते, ते मला अक्का म्हणतात आणि त्या हिशेबानं आमचे हे त्यांचे दाजी. दर महिन्याला एक तारखेला मी यादी घेऊन जायची, आणि अण्णा ती मोठ्यानं वाचायचे.

हे मोठ्यानं वाचणं म्हणजे काय ते सांगते. अण्णांचा आवाज असा की यादी दुकानात वाचली तर कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत ऐकू जाते. आणि नुसती वाचत नाहीत, तिच्याशी भांडतात. पोहे दोन किलो? मागल्या महिन्यात तर एकच होते, मग दाजींच्या गावचं, नेसरीचं पावणं येणार म्हणा की. शेंगदाणे अर्धाच किलो? भांडण झालंय काय दाजींशी? आता अर्धी गल्ली त्यांना याद्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते, तर अण्णा त्याही मोबाइल लांब धरून वाचतात. कुणाच्या घरी उपास आहे, कुणाची सून बाळंतपणाला माहेरी गेली, सगळं आम्हाला किराण्यावरून कळतं. माझ्या सासूबाई गेल्या त्या महिन्यात मी यादी नेली, त्यात त्यांची तपकीर नव्हती. अण्णांनी ती एकच यादी मनातल्या मनात वाचली आणि गुपचूप सामान बांधून दिलं.

अशा माणसाला आता तुमच्याकडून तेल नको, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? मला जमेना. मार्टात तेलाच्या डब्यावर चांगलं घसघशीत कुपन आलं होतं आणि डबा मी आणूनही ठेवला होता. मी आपली तेल सोडून यादी केली आणि नेऊन दिली. अण्णा हळदीपासून वाचत आले. शेवटाला पोचले, कागद उलटा केला, मागं बघितलं.

"अक्का, तेल?"

दुकानात पाच-सहा बायका उभ्या होत्या. माझ्या तोंडातून निघून गेलं की ह्यांना डॉक्टरांनी तेल बंद केलंय. अण्णांनी पेन कानावर ठेवलं आणि काय झालं म्हणून विचारलं. मी कोलेस्टेरॉल म्हणाले. घरी येताना मला वाईट वाटलं म्हणावं, तर तसं काही नाही. आपल्याला ऐनवेळी किती चांगलं सुचलं, याचंच मला कौतुक वाटत होतं.

घरात आले तर आमचा हृदयरोगी कांदाभजी खात बसलेला. मी झालेलं सगळं सांगितलं. हे म्हणाले, निदान मला काय झालंय ते नीट सांग, कुणी विचारलं तर पंचाईत नको. पण कोलेस्टेरॉल हा शब्द काही त्यांच्या तोंडात बसेना. दूध संघात नोकरी करून रिटायर झालेला माणूस, पण मूळचा नेसरीचा, तिथं एका शेतातून दुसऱ्या शेतात हाका मारत वाढलेला. ह्यांना खोटं बोलता येत नाही. फार मोठे सत्यवादी आहेत म्हणून नाही, दोन मिनिटांपूर्वी आपण काय खोटं बोललो ते त्यांच्या लक्षातच राहत नाही.

पुढच्या महिन्यात साखरेवर कुपन आलं. म्हणून यादीतून साखर गेली, आणि ह्यांना मधुमेह झाला. त्याच्या पुढच्या महिन्यात तूरडाळीवर आलं. तेव्हा मी शेजारणीला विचारून युरिक अ‍ॅसिड घेऊन आले. कपडे धुवायच्या साबणावरही एक फार चांगलं कुपन होतं, पण साबण बंद करावा लागेल असा आजार मला काही केल्या सापडेना, तो मी निमूट अण्णांकडून पुऱ्या किमतीत घेतला. हे एकदा जेवताना म्हणाले, "पुढच्या महिन्यात चहापत्तीवर कुपन आलं तर मला मारूनच टाकशील की."

माझी अशी कल्पना होती की अण्णांना फार तर गिऱ्हाईक थोडं कमी झाल्याचं वाईट वाटेल. त्यांना ते वाटलंच नाही. त्यांना काळजी लागली. माझ्या सामानातून न मागवलेल्या पुड्या निघायला लागल्या. मेथीदाणे निघाले, दाजींनी रोज सकाळी उपाशीपोटी घ्यायचे. जवस निघाला. हातानं निवडलेली ज्वारी निघाली. पैसे विचारले तर औषधाचे पैसे घेत न्हाय म्हणायचे. मेथीदाण्यानं माझा डबा भरला, मग दुसरा भरला. एवढे मेथीदाणे टाकून कसे द्यायचे म्हणून मी त्यांचे लाडू केले, मार्टातल्या कुपनाच्या तुपात. ह्यांनी ते आठवड्यात संपवले.

दुकानासमोरून जाताना जरा हळू चालत जा, एवढंच मी ह्यांना सांगितलं होतं. ह्यांनी भिंत धरली. अण्णा गल्ला तसाच उघडा टाकून स्टूल घेऊन पळत आले. ह्यांना बसवलं, पाणी पाजलं आणि जेवणात काय असतं म्हणून चौकशी केली. मी घरी पढवून ठेवलं होतं, त्याप्रमाणे हे दुधी म्हणाले. दुधी ह्यांना मनापासून आवडत नाही, त्यामुळं तो शब्द उच्चारताना चेहरा इतका दुःखी झाला की अण्णांनी डोळे पुसले. हे सगळं मी आमच्या गॅलरीतून बघत होते. त्या दिवशी मात्र मला माझी लाज वाटली.

त्यानंतर मार्टातून सामान आणणं म्हणजे चोरीचा माल आणल्यासारखं झालं. पिशव्या उलट्या करून घ्यायच्या, म्हणजे मार्टाचं नाव आत जातं. रिक्षा मागच्या बोळातून घालायची. रिक्षावाला एकदा म्हणाला, मावशी, पुढून गेलं तर वीस रुपये कमी होतील, आणि मला ते वीस रुपये जास्त द्यावे लागले. कळत होतं सगळं. आज ना उद्या अण्णांना हे समजणार आणि मग मी त्या दुकानाची पायरी चढू शकणार नाही, ही धास्ती मला रोज होती. सासूबाईंची तपकीर ज्यानं लक्षात ठेवली तो माणूस मी पाच किलो साखरेपायी घालवायला निघाले होते. दर शनिवारी मी ठरवायची की आता पुरे. रविवारी पेपर आला की हात कात्रीकडं जायचा.

मग दिवाळी आली. मार्टानं रंगीत चार पानं छापली होती आणि त्यात तेलाचा डबा आणि दहा किलो साखर अशी दोन कुपनं, एका कुटुंबाला एकच संच. आमच्या पेपरातला एक संच होता आणि शेजारीण गावाला गेली म्हणून तिच्या पेपरातला दुसरा. दोन संच म्हणजे दोन कुटुंबं हवीत. म्हणून मी आणि हे दोन कुटुंबं होऊन निघालो. मी आधी आत गेले, हे पाच मिनिटांनी आले. आत एकमेकांकडं बघायचं नाही, बोलायचं नाही आणि वेगळ्या रांगेत उभं राहायचं, असं मी त्यांना दोनदा बजावून सांगितलं होतं.

हे आत येऊन दोन मिनिटं झाली नसतील, तोवर डाळींच्या टोकावरून हाक आली, "अगं, बेसन कुठं ठेवलंय?" मी बिस्किटांकडं बघत राहिले. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी मला सांगितलं की ते तुम्हालाच बोलवतायत. मी म्हटलं, मी नाही ओळखत त्यांना. तेव्हा त्या बाईंनी ह्यांच्याकडं असं काही रोखून बघितलं की ह्यांनी बेसनाचा नाद सोडला.

मी माझं सामान घेऊन रांगेत उभी राहिले. पुढं एक गृहस्थ होते, डोक्याला टोपी, तोंडाला मास्क. त्यांच्या ट्रॉलीत तेलाचा डबा, साखर, रवा, मैदा असं सगळं. त्यांनी रव्याची पिशवी उचलली आणि तळहातावर ठेवून जरा वरखाली केली, वजन बरोबर आहे का बघायला. मार्टातल्या सीलबंद पिशवीचं वजन हातावर करून बघणारा माणूस या कोल्हापुरात मला एकच ठाऊक होता. रांग सोडून निघावं म्हणून मी ट्रॉली मागं ओढली, तर ती मागच्या माणसाच्या पायावर गेली. तो ओरडला, आणि अण्णांनी वळून बघितलं.

माझ्या ट्रॉलीत तेल होतं, साखर होती, तूरडाळ होती आणि वर तूप. ह्यांचे सगळे आजार एका ठिकाणी गोळा करून मी अण्णांच्या समोर उभी होते.

पण अण्णांचं लक्ष तिकडं गेलंच नाही. त्यांनी मास्क खाली केला आणि स्वतःच्या ट्रॉलीपुढं आडवे उभे राहिले, मला दिसू नये म्हणून. त्यांचं तोंड उतरलं होतं. हळू आवाजात, म्हणजे त्यांच्या मानानं हळू, त्यांनी मला सांगितलं की लक्ष्मीपुरीत होलसेललासुद्धा ह्या भावात माल मिळत नाही, दिवाळीचं गिऱ्हाईक धरून ठेवायचं तर दुसरा इलाज नाही, आणि गल्लीत मी हे कुठं बोलू नये. मी त्यांच्यापासून लपत होते आणि ते माझ्यापासून.

तेवढ्यात आमचे हे आले. त्यांच्या ट्रॉलीचं चाक अडकत होतं म्हणून ट्रॉली तिथंच सोडून तेलाचा डबा खांद्यावर टाकून आले होते, वैरणीचा भारा आणतात तसे, वर शीळ घालत. वेगळं कुटुंब वगैरे सगळं विसरून सरळ माझ्याकडं.

अण्णांनी त्यांना बघितलं आणि ट्रॉली सोडून धावले. "दाजी, खुळं झालासा काय? जड उचलायचं न्हाय तुमी!" म्हणत त्यांनी तो डबा ह्यांच्या खांद्यावरून ओढून आपल्या हातात घेतला. अण्णा अंगानं काडी, वय सत्तरीकडं झुकलेलं. पंधरा लिटरच्या डब्याखाली त्यांचे गुडघे वाकले, पण डबा काही परत देईनात.

हे म्हणाले, "सोडा की अण्णा. मला काय झालंय?"

मग त्यांचं माझ्याकडं लक्ष गेलं, आठवलं, आणि त्यांनी घाईघाईनं छातीवर हात ठेवला. तोही उजवीकडं.

अण्णांनी ह्यांच्याकडं बघितलं. मग माझ्या ट्रॉलीकडं बघितलं, आणि या वेळी नीट, यादी वाचतात तसं वरपासून खालपर्यंत. मी आणखी एक खोटं शोधायला लागले होते, खरंच सांगते, शेजारणीचं सामान आहे असं काहीतरी. पण अण्णांच्या हातातला तो डबा थरथरत होता आणि मला ते बघवेना. मी एका दमात सांगून टाकलं. ह्यांना तेल चालतं, साखर चालते, डाळ चालते, काहीही झालेलं नाही, मी कुपनांसाठी तुमच्याशी खोटं बोलले. मागच्या रांगेतल्या माणसांनीही ऐकलं. ऐकू दे म्हटलं.

आता आवाज चढणार म्हणून मी खाली मान घालून उभी राहिले. तो आवाज मला माहीत होता, आणि मार्टाचं छप्परही फार उंच नव्हतं. अण्णांनी डबा खाली ठेवला आणि त्याच्यावरच बसले.

"म्हंजे दाजींना कायबी झालं न्हाय?"

हे म्हणाले, न्हाय. चार महिन्यांत पहिल्यांदा खरं बोलायची परवानगी मिळाली होती, त्यामुळं जोरात म्हणाले.

"रक्तात साखर बी न्हाय?"

"न्हाय ओ. सकाळी दोन प्लेटा मिसळ खाऊन आलोय."

अण्णांनी टोपी काढली आणि डोक्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "बरं झालं अक्का. मी गोड सोडलंय न्हवं. दाजींची साखर उतरंस्तवर तोंडात गोड घालायचं न्हाय, असा नेम धरला श्रावणात. आमचं महाराज म्हणत्यात, दुसऱ्यासाठी असं सोडून काय हुत नसतंय. पर मी दुसरं काय करणार हुतो?"

अण्णा चहात चार चमचे साखर घालतात आणि वर गुळाचा खडा तोंडात धरतात. गेल्या महिन्यात त्यांच्या नातीचं बारसं झालं. मी गेले होते. सगळ्यांनी आग्रह केला म्हणून अण्णांनी पेढा हातात घेतला आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून परत ताटात ठेवला, ते मी बघितलं होतं. कसला तरी उपास असेल म्हणून मी माझा पेढा खाल्ला आणि एक पर्समध्ये टाकला. सख्ख्या नातीच्या बारशाला त्या माणसानं तोंड गोड केलं नाही, ते माझ्या पाच किलोंसाठी. मला रडू आलं. रांगेत, सगळ्यांसमोर, नाक पुसायला रुमालसुद्धा नव्हता.

आणि अण्णा मला काय विचारत होते, "मग आता नेम सोडू न्हवं, अक्का?" मला विचारत होते, मला.

मी ट्रॉलीतली दहा किलोंची पिशवी पुढं ओढली. तिची शिवण सुटेना, तेव्हा दातानं तोडली. मूठभर साखर काढून अण्णांच्या हातावर घातली. थोडी खाली सांडली. अण्णांनी डोळे मिटून हात जोडल्यासारखं काहीतरी केलं, एका हातानं जमेल तेवढं, आणि ती सगळी साखर तोंडात टाकली.

काउंटरवरची मुलगी उठून उभी राहिली. तिचंही बरोबर होतं. "काकू, बिल व्हायच्या आधी पिशवी फोडली तुम्ही. फोडलेल्या पिशवीला कुपन लागत नाही."

"नको लावूस," मी म्हटलं.

तिनं मला दोनदा विचारलं, कारण ती मला चांगली ओळखत होती. मग तिनं पुऱ्या भावानं बिल केलं. मी पर्स उघडून पैसे काढले, तोवर अण्णांनी दुसऱ्यांदा हात पुढं केला होता.